काठोकाठ पियाला

रिस्तीची फाईल माझ्याकडे असते. सत्तावीस वर्षं मी आमच्या कंपनीच्या कर्मचारी विभागात बसते आहे आणि इथल्या प्रत्येकाची कागदपत्रं माझ्या लोखंडी कपाटात आहेत. कोण कुठे शिकलं, कोणाचं कितवं लग्न चालू आहे, कोण वय दोन वर्षांनी कमी सांगतं, हे मला विचारावं. प्रमाणपत्रांबद्दल माझं मत काही फार चांगलं नाही. ज्याला काम येतं त्याच्या फाईलमध्ये दोन कागद असतात आणि ज्याला येत नाही त्याची फाईल दोरीने बांधावी लागते. पण रिस्तीचा एक कागद मात्र मी स्वतः काचेत बसवून तिच्या खुर्चीमागे टांगला होता. त्याला आता बारा वर्षं झाली.

तो कागद एंटरप्राइझ आर्किटेक्चरचा. रिस्ती आर्किटेक्ट झाली हे ऐकून माझ्या सासूबाईंनी तिला आमची बाल्कनी बंद करून द्यायला सांगितलं होतं. तिचं काम तसलं नाही. आमची कंपनी एर्तिस नदीच्या काठच्या या शहराला घरं तापवायचं गरम पाणी पुरवते आणि त्यासाठी आमच्याकडे त्रेचाळीस कॉम्प्युटर प्रोग्रॅम चालतात. कुठला प्रोग्रॅम कुठल्याकडून माहिती घेतो, एक बंद पडला तर कोण कोण आडवं होतं, काय ठेवायचं आणि काय पाच वर्षांत काढायचं, याचा भिंतभर नकाशा रिस्ती काढते. तिच्या सहीशिवाय नवा प्रोग्रॅम आत येत नाही आणि जुना बाहेर जात नाही.

रिस्ती आणि मी एकाच वर्षी जन्मलो. अशा दोघांना आमच्यात कुर्दास म्हणतात आणि कुर्दासला काहीही बोलायचा हक्क असतो. चारचौघांत चेष्टा केली, वर्मावर बोट ठेवलं तरी समोरच्याने हसून घ्यायचं. रागावला तर त्याचीच लाज जाते. हा हक्क मी पुरेपूर वापरते, कारण आमच्या ऑफिसात बाकी सगळे एकमेकांशी इतकं गोड बोलतात की खरं काय ते कळायला आठवडा लागतो.

गेल्या नोव्हेंबरात नवे संचालक आले. राजधानीतून आले, वयाने तरुण, आणि बूट असे चकाचक की हा गृहस्थ आमच्या रस्त्यावर एक पाऊल चाललेला नाही हे दारातच कळावं. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगून टाकलं की एक एप्रिलपासून नकाशावर सही करायची ती चालू आवृत्तीचं प्रमाणपत्र असलेल्या माणसानेच. रिस्तीचं प्रमाणपत्र जुन्या आवृत्तीचं. तोवर तिने ते नवं करून आणलं नाही तर नकाशाचं काम बाहेरच्या सल्लागारांकडे जाईल आणि निवृत्तीपर्यंतची चार वर्षं ती तळमजल्यावरच्या दफ्तरखान्यात बसेल. हे शेवटचं त्यांनी फार मधाळ शब्दांत सांगितलं. तो आदेश टाइप करायचं काम अर्थात माझ्याच गळ्यात पडलं.

दुपारी ती माझ्या खोलीत आली. गरम पाणी पुरवणाऱ्या कंपनीत सगळी ऑफिसं गारठलेली असतात, एक माझी खोली तेवढी ऊबदार आहे, त्यामुळे दुःख घेऊन सगळे माझ्याकडेच येतात. मी चहा ओतला. बारा वर्षांपूर्वी याच परीक्षेसाठी ती दोन रात्री आगगाडीत काढून गेली होती, आणि पास झाल्यावर परतीच्या डब्यातल्या प्रत्येकाला तिने बाउरसाक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, वाटले होते. या शहरात तो कागद मिळवणारी ती पहिली.

"कुल्पाश," ती म्हणाली, "दफ्तरखान्यात खिडकी आहे का गं?"

"नाही. उंदीर आहेत."

"मग मला अभ्यासाला बसायला हवं."

जुनं प्रमाणपत्र असणाऱ्यांना सगळी परीक्षा नव्याने द्यावी लागत नाही. त्यांच्यासाठी एक आखूड परीक्षा असते, तिला पूल म्हणतात. आधी प्रश्नपत्रिका, मग आपल्याच कंपनीचा नकाशा आणि पुढच्या पाच वर्षांची योजना लिहून पाठवायची, आणि शेवटी त्यावर परीक्षकांपुढे तोंडी. शिकवायला होती आनेल. ती रिस्तीच्याच विभागातली, सव्वीस वर्षांची, दोन वर्षांपूर्वी रिस्तीनेच निवडून घेतलेली. तिने कॉलेजातून बाहेर पडतानाच नव्या आवृत्तीचं प्रमाणपत्र मिळवलं होतं. कंपनीत ते एवढं तिच्याचकडे, पण सही करायला दहा वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून तिचा सहीसाठी उपयोग नव्हता.

डिसेंबरभर जेवणाच्या सुट्टीत दोघी माझ्या खोलीत बसल्या. नव्या आवृत्तीत जुन्याच गोष्टींना नवी नावं दिली होती आणि रिस्तीचा त्यावरच जास्त संताप व्हायचा. जे आपण बारा वर्षं एका नावाने ओळखतो त्याचं बारसं परत कोणी केलं, असं ती विचारायची. आनेलने तिला प्रश्नांच्या चिठ्ठ्या करून दिल्या होत्या. त्या वाचून दाखवायचं काम माझं. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण उत्तर चुकलं की रिस्तीचा डावा कान लाल होतो, आणि त्यावरून मी बिनचूक गुण देत असे. पुढे पुढे तिने सगळ्या पायऱ्या अंगाईच्या चालीवर बसवल्या. संचालकांच्या दारावरून जाताना ती धोरण, माहिती, यंत्रणा, संक्रमण असं गुणगुणत जायची आणि ते आतून दार लावून घ्यायचे.

जानेवारीत प्रश्नपत्रिका झाली. शंभरात चौऱ्याऐंशी मिळाले. त्या दिवशी आम्ही तिघींनी माझ्या खोलीत दार लावून एक अख्खं घोड्याचं काझी सॉसेज संपवलं आणि दुपारी मी दोन माणसांच्या रजा चुकून एकमेकांच्या नावावर मंजूर केल्या.

मग योजना लिहायची पाळी आली. त्यात कंपनीच्या प्रत्येक प्रोग्रॅमपुढे चारांतला एक शब्द लिहायचा होता, ठेवा, दुरुस्त करा, बदला किंवा निवृत्त करा, आणि का ते सांगायचं. रिस्तीने तीन वेळा मसुदा केला. तिन्ही वेळा आनेलने तो वाचला आणि तिन्ही वेळा म्हणाली, "खूप छान झालंय, आपाय." मोठ्या बाईला आमच्यात मानाने असं म्हणतात. मीही ऐकत होते. कागद परीक्षा घेणाऱ्या बोर्डाकडे गेला आणि फेब्रुवारीच्या तीन तारखेला परत आला. वर एकच शेरा होता. उमेदवाराने त्रेचाळीसपैकी एकही प्रणाली निवृत्त केलेली नाही, याला योजना म्हणता येत नाही, महिनाअखेरपर्यंत एकदाच सुधारून पाठवता येईल.

मी कागद हातात घेतला. बेचाळीस जाऊ देत, पण पहिल्या ओळीत केम्पिर होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, ठेवा.

केम्पिर म्हणजे म्हातारी. आमच्या सगळ्यांत जुन्या प्रोग्रॅमचं हे लाडाचं नाव. शहरातलं कुठलं घर कुठल्या नळाला जोडलं आहे आणि कुठली चावी फिरवली की कोणाकडे थंडी पडते, हे केम्पिरच्या पोटात असतं. नवं चलन आलं त्याच्या पुढच्या वर्षी आमचे तेव्हाचे प्रोग्रॅमर ओराझ आगा, म्हणजे काका, यांनी ती एकट्याने लिहिली, तेव्हा ऑफिसात लोक हातमोजे घालून टाइप करत होते. त्या हिवाळ्यात आजूबाजूच्या गावांत घरं गोठली, आमच्या शहरात एक घर गोठलं नाही. आगा निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली. पण दर ऑक्टोबरात, केम्पिर पहिल्यांदा चालू झाली त्या तारखेला, आम्ही तिचा वाढदिवस करतो. आगांना दारासमोरच्या मानाच्या जागी बसवतो, त्यांच्यापुढे उकडलेल्या मेंढीचं डोकं ठेवतो. ते चाकूने डोक्याचा कान कापतात आणि ऑफिसात जो सगळ्यांत नवा असेल त्याच्या हातावर ठेवतात. थोरांचं ऐकत जा, असा त्याचा अर्थ. दोन वर्षांपूर्वी तो कान आनेलला मिळाला आणि तिने तो डोळे मिटून गिळला.

अशा माणसाच्या प्रोग्रॅमपुढे निवृत्त करा असं कोण लिहिणार? मानाच्या जागेवरच्या थोरल्याला आता उठा म्हणण्यासारखंच ते. केम्पिर दर हिवाळ्यात एखाददोनदा अडून बसायची, आणि मग आम्ही आगांना फोन करायचो. ते फोनवरूनच सांगायचे, अमुक ओळ बघ, तमुक आकडा टाक, की ती पुन्हा चालायला लागायची.

मी आनेलकडे वळले. मला राग आला होता आणि मी तो लपवायच्या भानगडीत पडले नाही.

"तुला हे दिसलं नव्हतं?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पहिल्या मसुद्यातच दिसलं होतं."

"मग तीन वेळा छान छान काय म्हणत होतीस?"

"कसं सांगणार? आपायनी मला नोकरी दिली. त्या मला जेवायला घालतात. माझ्या आईपेक्षा मोठ्या आहेत त्या. मी त्यांना कसं म्हणू की चुकलंय म्हणून?"

मी आणखी दोन शब्द सुनावणार होते, पण रिस्तीने माझा हात धरला. तिचा कान लाल नव्हता, दोन्ही गाल लाल होते.

"तिला बोलू नकोस," ती म्हणाली. "तिने माझं केलं ते मी बारा वर्षं ओराझ आगांचं करते आहे. मला पण पहिल्या मसुद्यातच दिसलं होतं."

मला वाटलं, चला, आता हिने एक शब्द खोडायचा आणि एक लिहायचा, संपलं. पण रिस्ती म्हणजे रिस्ती. आगांना विचारल्याशिवाय तो शब्द मी लिहिणार नाही, असं तिने जाहीर केलं. मग विचार, असं मी म्हटलं. तर ते कसं विचारायचं तेच तिला कळत नव्हतं. पुढचे बारा दिवस ती रोज माझ्याकडे येऊन वेगवेगळी वाक्यं म्हणून बघायची. एकात ती हवापाण्यापासून सुरुवात करायची, एकात जगातल्या सगळ्या जुन्या प्रोग्रॅमांची परंपरा सांगायची, आणि मुद्द्यापाशी आली की तिचा आवाज बसायचा. तेराव्या दिवशी मी तिच्या पियाल्यात काठोकाठ चहा भरून तिच्यापुढे सरकवला.

आमच्याकडे चहा अर्धाच ओततात. अर्धा पियाला म्हणजे बसा, आणखी ओतते. काठोकाठ भरला की पाहुण्याने समजून घ्यायचं, हा प्या आणि निघा. घरच्या भांडणातसुद्धा असा चहा कोणी कोणाला देत नाही.

रिस्ती त्या पियाल्याकडे बघून हसली. "असं करतेस होय?"

"असंच. ऊठ, चल. मीही येते. आशीर्वाद मागायला आलो म्हणू, परीक्षेआधी कोणीही मागतं. बोलायचं मात्र तू."

ओराझ आगांचं घर नदीजवळच्या जुन्या पाचमजली इमारतीत आहे. दार उघडलं आणि मासळीचा वास आला. दारामागे बर्फाला भोक पाडायचा लांब गिरमिट उभं होतं, त्यावरचा बर्फ अजून वितळत होता. आगा एक्याऐंशी वर्षांचे, काटक, भुवया इतक्या जाड की त्याखाली ते हसतायत की रागावलेत ते कळत नाही. त्यांच्या बायकोने, झामाल आपांनी, आम्हाला आत बुटक्या टेबलाभोवती जमिनीवर बसवलं. आपांची बोटं संधिवाताने वाकली आहेत, म्हणून चहाची किटली रिस्तीने आपल्याकडे घेतली. आमच्यात वयाने लहान बाईनेच ओतायचा असतो, आणि मी रिस्तीपेक्षा चार महिन्यांनी मोठी आहे हे मी तिला कधी विसरू देत नाही.

मी हवापाण्याचं बोलले. आपा नातवाचं बोलल्या. आगांनी परीक्षेचं विचारलं आणि रिस्तीने धोरण, माहिती, यंत्रणा असं काहीतरी चाचरत सांगितलं. दोन फेऱ्या चहा झाला. मी तिला टेबलाखालून पायाने ढोसलं. तिने मान हलवली. तिसऱ्या फेरीला मी पुन्हा ढोसलं, यावेळी जरा जोरात, आणि तिने तोंड उघडलं.

"आगा, नकाशात ना, प्रत्येक गोष्टीला, म्हणजे एक वय असतं, आणि..."

ती आगांच्या तोंडाकडे बघत होती आणि हात मात्र ओततच होता. चहा अर्ध्यावर आला, वर आला, काठाला लागला, आणि एक थेंब बशीत ओघळला तेव्हा रिस्तीने खाली पाहिलं.

किटली तिच्या हातात तशीच राहिली. झामाल आपांनी डोक्यावरचा रुमाल तोंडाशी नेला. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला, त्याच्या स्वतःच्या घरात, त्याच्या स्वतःच्या चहाने सांगितलं होतं की आता उठा. मी दाराकडे बघितलं, माझे बूट कुठे आहेत ते.

आगांनी तो पियाला दोन्ही हातांनी उचलला, न सांडता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मला वाटलं म्हातारा रडतोय. पण ते हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी पियाला काही त्यांनी खाली ठेवला नाही.

"झामाल," ते म्हणाले, "शेवटी ओतला गं एकीने."

रिस्ती गुडघ्यांवरच बसली होती. "आगा, माझा हात चुकला. देवाशपथ हात चुकला. माफ करा."

"माफ? अठरा वर्षं मी या पियाल्याची वाट बघतोय पोरी. दर ऑक्टोबरात तुम्ही मला मानाच्या जागी बसवता, डोकं पुढ्यात ठेवता. तुमच्या मेंढीचं डोकं खाऊन मी कुठल्या तोंडाने म्हणू की माझी म्हातारी आता पुरे झाली, काढून टाका? मला वाटायचं तुझा तिच्यावर जीव आहे. म्हटलं, मी तिला टाका म्हटलं तर रिस्ती रडेल."

"तुमचाच जीव आहे म्हणून मी..."

"माझा जीव माशांवर आहे," आगा म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. वरच्या अंगाला शंभर कोसांवर एक तळं आहे, तिथे हिवाळ्यात हातभर लांबीचे पर्च मासे बर्फाखाली असतात. आगांचे सगळे मित्र दर हिवाळ्याच्या शेवटी, मार्चात, आठवडाभर तिथे जातात. तिथे फोन लागत नाही. आणि केम्पिर कधी अडून बसेल याचा नेम नाही, म्हणून आगा अठरा हिवाळे गेलेच नव्हते. ते इथेच पुलाखाली, फोनला दोन रेघा येतात तिथे भोक पाडून बसायचे आणि करंगळीएवढे मासे धरायचे. त्या माशांचा रस्सा खाऊन मांजरसुद्धा कंटाळलंय, असं आपांनी मध्येच सांगितलं. आमच्यातलं कोणी फोन केला की आगा हातमोजा काढून, बर्फावर बसून, आम्हाला ओळी सांगायचे. आम्हाला वाटायचं ते घरी सोफ्यावर आहेत.

मला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. रिस्ती तर आगांचा हात धरून नुसती हसतच सुटली. दोन्ही बाजूंनी अठरा वर्षं भीड, आणि मधे तो प्रोग्रॅम आरामात चाललेला.

आगांनी काठोकाठ चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, मग तळवे वर करून रिस्तीला आशीर्वाद दिला. तिचा रस्ता मोकळा राहो, पेन न अडखळो, परीक्षकांची झोप चांगली झालेली असो. शेवटी त्यांनी कपाटातून अकरा जाड वह्या काढून तिच्या मांडीवर ठेवल्या. केम्पिरची एकूणएक ओळ आणि ती तशी का आहे, हे त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. कोणी मागितल्याच नाहीत, असं ते म्हणाले. आम्ही निघालो तेव्हा ते फोनवर मित्राला विचारत होते की गाडीत एक जागा आहे का.

पुढच्या आठ दिवसांत रिस्तीने योजना नव्याने लिहिली. केम्पिरपुढे आणि आणखी पाच प्रोग्रॅमांपुढे तिने निवृत्त करा असं लिहिलं, आणि प्रत्येकाच्या कर्त्याला आधी स्वतः जाऊन भेटली. पाचांतले तीन जण तर खुशीने नाचायचेच बाकी होते. आनेलने यावेळी मसुदा वाचला आणि खूप छान म्हणाली नाही. एका ठिकाणी बोट ठेवून ती गप्प बसली, आणि रिस्तीने ती जागा दुरुस्त केली.

तोंडी परीक्षा कॉम्प्युटरवर होती, माझ्याच खोलीत, कारण रिस्तीला थंडीत बोलता येत नाही. दोन परीक्षक होते, एक बाई आणि एक गृहस्थ, दोघेही परदेशातले, रशियनमध्ये बोलणारे. मी कपाटाआड उभी राहिले होते. मला बाहेर जायला सांगितलं होतं, पण खोली माझी आहे.

बाईंनी पहिली आणि दुसरी योजना शेजारी ठेवून विचारलं, "तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही एकही प्रणाली निवृत्त करत नव्हता. आता सहा. मधल्या काळात काय बदललं?"

"मी चहा जास्त ओतला," रिस्ती म्हणाली.

बाईंच्या भुवया वर गेल्या. पण रिस्ती आता थांबणारी नव्हती. अंगाईची चाल तिने कुठेतरी टाकून दिली होती आणि ती माझ्याशी बोलते तसं बोलत होती.

"माझ्या नकाशात त्रेचाळीस चौकटी होत्या आणि सगळी यंत्रं होती. केम्पिर कशावर उभी आहे, असा प्रश्न तुमच्या पुस्तकात असतो. मी लिहिलं होतं, सर्व्हरवर. ते खोटं होतं. ती एका म्हाताऱ्या माणसाच्या फोनवर उभी होती आणि तो माणूस बर्फावर बसलेला होता. ती चौकट मी बारा वर्षं काढलीच नाही, कारण विचारायची भीड वाटली. आता काढली आहे. खाली डावीकडे बघा."

गृहस्थ वाकून बघायला लागले. नकाशाच्या तळाशी, सगळ्या सर्व्हरांच्या खाली, एक छोटी चौकट होती. तिच्यात लिहिलं होतं, ओराझ आगांचा फोन, पुलाखाली, दोन रेघा. गृहस्थांना हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, आणि मग हळूच विचारलं की त्यांच्या स्वतःच्या कंपनीत अशी चौकट शोधायची झाली तर सुरुवात कुठून करावी. पुढची वीस मिनिटं परीक्षा कोण कोणाची घेत होतं ते मला नीटसं सांगता येणार नाही.

निकाल अकरा मार्चला आला, आणि आला तो माझ्या विभागाच्या पत्त्यावर, म्हणजे तो पहिल्यांदा मी वाचला. आनंदाची बातमी आणणाऱ्याने आधी आपली सुयुंशी, म्हणजे बक्षिसी, मागायची, मग बातमी द्यायची, ही आमची रीत. मी रिस्तीच्या दारात उभी राहून हात पुढे केला. तिने काही न विचारता गळ्यातला निळा रेशमी रुमाल काढून माझ्या हातावर ठेवला. तो मी तीन वर्षं तिच्याकडे बघून बघून मागत होते. मग मी बातमी दिली, आणि आम्ही दोघी सत्तावन्न वर्षांच्या बायका त्या बोळात एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या मोठ्याने ओरडलो की संचालक दार उघडून बाहेर आले. ते आले ते बरंच झालं. त्यांना मी तिथल्या तिथे आदेश बदलायला लावला. सही रिस्तीचीच.

केम्पिरचा वाढदिवस ऑक्टोबरात, पण आम्ही तितकं थांबलो नाही. नौरीझच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, आदल्या दिवशी ऑफिसात टेबलं जोडली. ओराझ आगा तळ्यावरून दोनच दिवसांपूर्वी परतले होते. नाकाचं कातडं सोललेलं, आवाज बसलेला, आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार पर्च, खरोखर हातभर लांबीचे. ते त्यांनी आधी सगळ्यांना फिरून दाखवले. मग आम्ही त्यांना नेहमीच्या जागी बसवलं आणि मेंढीचं डोकं पुढे ठेवलं.

त्यांनी चाकू घेतला आणि कान कापला. सगळ्यांच्या नजरा नव्या ड्रायव्हरकडे गेल्या, तो आठवड्यापूर्वीच लागला होता आणि घाबरून बसला होता. आगांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"कुल्पाश, फाईली तुझ्याकडे असतात. या खोलीत सगळ्यांत नवा कागद कोणाचा?"

मी म्हटलं, "रिस्तीचा. अकरा मार्च."

"मग सगळ्यांत लहान तीच," आगा म्हणाले, आणि तो कान त्यांनी रिस्तीपुढे धरला. "ऐकत राहा, पोरी."

रिस्तीने दोन्ही हात पुढे केले आणि तो घेतला. सत्तावन्न वर्षांची बाई, केसांना मेंदी लावणारी, दोन नातवंडांची आजी. तिचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं. कान तिने सगळा खाल्ला, चावून चावून, आनेलसारखा गिळला नाही. मग हात पुसले आणि शेजारी बसलेल्या आनेलकडे वळली.

"आता तू मोठी," ती म्हणाली. "सांग. नकाशात अजून काय चुकलंय?"

आनेलने माझ्याकडे बघितलं. मी मान वळवून बाउरसाक उचलला. मग आनेलने खोल श्वास घेतला आणि बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली, एक, दोन, तीन. चौथ्याला रिस्तीने पर्समधून वही काढली आणि म्हणाली, "सावकाश सांग, लिहून घेते."